चढावर थांबलेली गाडी

२ नोव्हें., रवि. शहादा
सुमन आमच्या लेकीच्या, रेखाच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेल्यापासून घर खायला उठलंय. सकाळी तिचा फोन आला. त्या शहरात म्हणे ड्रायव्हर नसलेल्या टॅक्स्या फिरतात. मोबाइलवर बोलवायची, मागं बसायचं. मायलेकी दवाखान्यात त्यातूनच जातात. "स्टेरिंग आपोआप फिरस," म्हणाली. माझा जन्म धडगावच्या घाटात जीप हाकण्यात गेला. आरशात मागच्यांची तोंडं बघितल्याशिवाय गियर टाकला नाही. तिथं आरशात बघणार कोण?

५ नोव्हें., बुध.
रेखाला विचारलं, ब्रेक गेला तर? हसायला लागली. म्हणे आप्पा, ती तुमच्यापेक्षा सावकाश जाते. असेल. मला भीती वाटते ती वाटतेच.

९ नोव्हें., रवि.
सुमन हरवली होती.
रेखानं गाडी बोलावून तिला किराणा आणायला पाठवलं. परतताना चढावर गाडी थांबली, पुढं रस्त्याचं काम. आपल्या घाटात चढावर जीप थांबली की कुणाला सांगावं लागत नाही. सगळे उतरतात, एकजण चाकामागं दगड लावतो. सुमन लग्न होऊन आल्यापासून हेच करतेय. उतरली, दार लावलं, दगड शोधायला गेली. तेवढ्यात रस्ता मोकळा झाला नि गाडी निघून गेली. पिशवी आत, फोन आत. भाषा येत नाही. शेवटी एका पंजाबी दुकानदारानं पोलिसांना बोलावलं, त्यांनी घरी पोचवलं.
"आठे रस्तावर एक दगड सापडना नही," एवढंच बोलली आणि रडायला लागली. मीही रडलो. इकडं बघायला कोण आहे.

१२ नोव्हें., बुध.
जीपनं घाटात जाऊन वळणावरच्या देवीला नारळ फोडला. आज मी मागच्या सीटवर. पोरगेल्या ड्रायव्हरनं आरशातून बघितलं, तेव्हा जरा बरं वाटलं.
सुमनला बजावलं, गाडी थांबली तरी उतरायचं नाही. ती म्हणे, आणि खरंच बिघडली तर?

१७ नोव्हें., सोम.
सकाळी व्हिडिओ कॉल. रेखाला कळा सुरू, दिवस भरायच्या आधीच. जावई परगावी. अँब्युलन्सच्या आधी ही गाडी आली म्हणून हिच्यातच बसल्या. रेखा कण्हतेय, पुढची सीट रिकामी. मी इथं खाटेवर, उजवा पाय फरशीवर ब्रेकसारखा दाबून.
मग सुमन म्हणाली, "चढवर थांबनी शे. उतरू का?"
घाटात असतो तर मी एकच उत्तर दिलं असतं, उतर. तोंडाशी आलंही होतं.
म्हटलं, "बसी ऱ्हाय. रेखाना हात सोडू नको."
ती काहीतरी बोलली, ऐकू आलं नाही. फोन कटला.
दुपार झाली. दोघींचेही फोन लागत नाहीत, जावयाचाही नाही. बरोबर सांगितलं का मी?
पाय अजून उचलवत नाही.