अंधेरीची थेट बस आणि सत्ताविसावी मागणी

३१ मार्च १९८५, रविवार
आजपासून पक्षांची धोरणं आपण ठरवायची. आमच्या घाटकोपरच्या कॉलनीचं नागरिक हितवर्धक मंडळ, मी चिटणीस. महिन्याभरात महापालिकेची निवडणूक. जाहीरनामे छापायच्या आत आपलं निवेदन सगळ्या पक्षांच्या टेबलावर पाहिजे. अध्यक्ष अण्णा म्हणाले, ड्राफ्टिंग तुमच्या हाती म्हणजे निम्मी लढाई जिंकली. उरलेली निम्मीही माझ्याकडेच आहे.

२ एप्रिल
एकूण मागण्या एक्केचाळीस. पक्षपात नको म्हणून अकारविल्हे लावल्या. ऑफिसात पंधरा वर्षं फायली अशाच लावतोय. रत्नप्रभानं विचारलं, पाणी कितवं? म्हटलं, सत्ताविसावं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर सात वर्षांत पाणी चढलेलं नाही, ही खालच्या नळावरून बादल्या आणते, मान्य. पण स्वतःच्या बायकोसाठी क्रम बदलला तर मंडळाची इमेज काय राहील? ती बादली घेऊन खाली गेली. पटलं असावं.

७ एप्रिल, रविवार
उमेदवार काशीरामशेठना निवेदन दिलं. अकरा पानं, सायक्लोस्टाईल. उभ्याउभ्या पहिलं पान चाळून म्हणाले, झकास! विरोधी उमेदवारही झकासच म्हणाला. दोन्ही पक्ष खिशात.

१२ एप्रिल
काशीरामशेठचा जाहीरनामा आला. त्यात आपली मागणी आहे! क्रमांक एक: अंधेरीला थेट बस. (अण्णांचा जावई तिकडे राहतो.) बाकीच्या चाळीस नाहीत, पण सुरुवात उत्तम. अभिनंदनाचा ठराव मीच मांडला. रत्नप्रभाला सांगितलं, तर म्हणाली, मग आंघोळीला अंधेरीला जा. तिला राजकारण कळत नाही.

१४ एप्रिल, रविवार
घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. मला बाहेर काढलं. उघड्या दारासमोर जिन्यात बसून स्मरणपत्र लिहिलं. काशीरामशेठच्या मिसेस जयंतीवहिनी मतं मागायला आल्या. आंब्याची डाळ दिली, आणि पन्हं म्हणून ग्लासात नुसता कैरीचा गर! वहिनी बघतच राहिल्या. रत्नप्रभा म्हणाली, पाणी खालच्या नळाला आहे, ही कळशी, तीन जिने आहेत. आणि वहिनी खरंच उतरल्या! वर आल्या तेव्हा बोलवत नव्हतं. मग कॉलनीतल्या सगळ्या बायकांनी पन्हं पिऊन सांगितलं, पाणी चढलं तर मत. विरोधी उमेदवाराच्या बायकोला उद्याचं आमंत्रण आहे. पाहुण्यांशी असं वागतात? मंडळाच्या अब्रूची पार वाट लागली.

१९ एप्रिल
दोन्ही पक्षांची नवी पत्रकं. दोन्हींत पहिलीच ओळ: तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी, नवा पंप. बस गायब. निवेदनाचा परिणाम उशिरा होतो, पण होतो. अण्णांना तसं म्हटलं. ते म्हणाले, आमची पण होती हो त्या हळदीकुंकवाला. मी विषय बदलला.

२१ एप्रिल, रविवार
सकाळी काशीरामशेठ स्वतः घरी. मी फाईल घेऊन पुढे झालो. मला बाजूला सारून आत गेले. पंप कुठे बसवायचा, हे त्यांना रत्नप्रभाला विचारायचं होतं. खोलीभर बायका. इतिवृत्त लिहू का, विचारलं. ती म्हणाली, लिहायचं राहू दे, चहाला पाणी नाही, बादली आण.

आणली. वाटेत तीनदा टेकवली. कडीनं बोटं कापली, निम्मं पाणी जिन्यात सांडलं. ती म्हणाली, एवढ्यात काय होणार, अजून एक आण.

सात वर्षं ही अशा रोज आठ चढवतेय. भरलेली बादली एवढी जड असते, हे मला आज कळलं. लाज वाटली. परत खाली गेलो.