थंडीचं मलम

सिंदी मेघे
१२ जानेवारी १९७८

ती. सौ. सुलोचनाताईस,
चंद्रभानचा शि. सा. न. वि. वि.

इकडे थंडीनं हाड न् हाड वाजून राह्यलं आहे. मी कॉलेज सोडलं म्हणून अण्णाजी अजून पोटच्या पोराशी बोलत नाईत. प्रोफेसरानं चारचौघांत नालायक म्हटलं, मी वह्या टेबलावर आपटल्या आणि निघून आलो. सेकंड इयर गेलं ते गेलं. आता साबण-तेलाच्या कारखान्यात हात चालतात आणि डोकंही चालतं, हे त्यांना सांगजो.

भाऊजींच्या हाती दोन डब्या पाठवतो. लाल झाकणाची तुझ्या टाचांसाठी. हिरवी शेजारच्या नलूले देजो, पण तुझी म्हणून. दत्तजयंतीले आलो तेव्हा तिच्या गालांची सालं निघत होती, ते पाहिल्यापासून माझं कशात लक्ष नाई. तिळाचं तेल आणि मेण मी स्वतः कढवलं. रोज झोपताना लाव म्हणावं, आणि मी सांगेन तेव्हाच बंद कर म्हणावं. हसू नको, ताई.

माया आहे ती असू दे.
तुझा, चंद्रभान

आर्वी
४ फेब्रुवारी १९७८

चि. चंद्रभानास अनेक आशीर्वाद.

माझ्या टाचा अजून फाटलेल्याच आहेत, कारण लाल डबी मी सासूबाईंना दिली. तुझी हिरवी डबी मात्र चांगली चाकरी करून राह्यली. नलूने झाकण उघडून वास घेतला आणि कोणाचं म्हणून विचारलंही नाई. गाल लोण्यासारखे झाले आहेत. डबी संपली तर काय करावं, याची तिला आतापासून चिंता.

आता दुसरं. तुझ्यापासून लपवणं मले जमणार नाई. लक्ष्मणकाका आपल्या पोरीसाठी कारंज्याचं स्थळ पाहून राह्यले. मुलगा तलाठी आहे. शिवरात्रीनंतर पाहायला येतील. रागात काही करून बसू नको, आणि पत्र टाकजो.

तुझी, ताई

आर्वी
२७ मार्च १९७८

चि. चंद्रभानास आशीर्वाद.

तुझी एक ओळ नाई. रुसला आहेस ते कळते, पण आता रुसायची वेळ नाई.

शिवरात्र झाल्यावर आभाळ आलं, दोन दिवस पाऊस पडला आणि तेव्हापासून अंगाला नुसतं चिकट चिकट होते. नलूच्या गालांवर आणि मानेवर पांढुरके डाग उठले. कारंज्याचे लोक आले, मुलाच्या आत्याने त्याच्या आईच्या कानात काही सांगितलं आणि पोहे यायच्या आत ते उठले. कोपऱ्यावरच्या तानाबाईने गल्लीभर करून टाकलं की लक्ष्मणरावांच्या पोरीले महारोग झाला. काका तिला अंगणातही येऊ देत नाईत. आनंदाकाकू पोटच्या पोरीकडे पाहून दिवसभर रडतात.

डॉक्टरांनी विचारलं, चेहऱ्याला काय लावते. नलू गप्प. तुझं नाव निघेल म्हणून गप्प. सासूबाई तिथंच उभ्या होत्या म्हणून मीही सांगितलं नाई. खरं सांग, त्या मलमात काही होतं काय?

तुझी, ताई

सिंदी मेघे
३० मार्च १९७८

ती. ताईस सा. न.

मलमात काही वाईट नव्हतं. वाईट मी. ते जाड मलम कोरड्या थंडीचं. हवा दमट झाली, घाम येऊ लागला की ते बंद करायचं असते, तेल पुसून डाळीच्या पिठानं तोंड धुवायचं आणि वरून काही थापायचं नाई. नाईतर घाम खाली कोंडतो आणि शिबं उठतं, कातडीवर नुसते पांढुरके चट्टे. कारखान्यात हे मले रोज दिसते. तिला कळवायचं मीच ठरवलं होतं. पण कारंज्याचं वाचलं आणि डोकं फिरलं. लिहायला बसलो की कागद फाडत होतो. आणि ती पोरगी माझ्या निरोपाची वाट पाहत लावत राह्यली!

डॉक्टरांना आजच सांग. पण कसं सांगशील? माझं नाव घेतलं तर गल्ली तिच्याबद्दल दुसरं बोलेल. तुझं घेतलं तर तुझ्या घरात आग. नऊ तारखेला, रविवारी येतो, आधी तानाबाईचं थोबाड फोडतो. आणि नलूले सांग, खरंच महारोग असला तरी मी तिच्याशीच लग्न करतो.

चंद्रभान

आर्वी
४ एप्रिल १९७८

चि. चंद्रभानास आशीर्वाद.

तुझं शेवटचं वाक्य मी नलूले वाचून दाखवलं, ही माझी चूक. ती म्हणाली, कारंज्याच्या लोकांनी मले न विचारता रोग ठरवला आणि यानं मले न विचारता लग्न. हा फक्त वरून उपकार करून राह्यला. मलेही तिचंच पटलं.

काल आनंदाकाकूंकडे पापड होते. गल्लीतल्या साऱ्या बाया होत्या. नलू आतून पोळपाट घेऊन आली आणि तानाबाईशेजारी बसली, तशी तानाबाईने आपला पोळपाट उचलून दूर नेला. साऱ्यांनी पाहिलं. मग नलूच बोलली. म्हणाली, हा रोग नाई, चंद्रभानने पाठवलेलं थंडीचं मलम आहे. अंगाला घाम सुटला तरी लावत राह्यले, कारण ते त्याचं होतं. लाटणी थांबली रे. आनंदाकाकू उठल्या आणि साऱ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. मग त्यांनीच मूठभर लाट्या तिच्यापुढे ठेवल्या, स्वतः तिच्याजवळ बसल्या, आणि तिने लाटलेला पहिला पापड हातावर घेऊन खाटेवर वाळत घातला. बाकीच्या बायांनी लाटायला घेतलं. तानाबाई पाणी न पिता घरी गेली.

संध्याकाळी मी सासूबाईंच्या देखत डॉक्टरांना सारं सांगितलं. सासूबाई कालपासून माझ्या हातचं जेवल्या नाईत, जेवतील. डॉक्टरांनी डागांवर पिसानं, टाचणीनं पाहिलं; महारोगाच्या डागाला स्पर्श कळत नाई म्हणे, तिला सगळं कळत होतं. शिबंच निघालं. औषध दिलं आहे, तेल-मलम बंद. रंग भरायला दोन-तीन महिने लागतील म्हणतात.

लक्ष्मणकाकांनी मले बोलावून विचारलं, पोरगा शिकला किती. मी खरं तेच सांगितलं. ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, बोलवा त्याला. रागानं की कसं, मले कळलं नाई. अण्णाजींना सोबत घेऊन येजो, एकटा येऊ नको, आणि तानाबाईच्या दाराकडे पाहूही नको.

नलूने एक निरोप दिला आहे. ती आता चेहऱ्याला पावडरसुद्धा लावणार नाई, डागांसकट समोर बसणार आहे. पाहायचं असेल तर दिवसाउजेडी ये म्हणाली.

लोभ आहेच. ये.
तुझी, ताई