आयोडीनची बाटली

प्रिय आई,

क्राकूवहून बोग्नाचा नमस्कार. तुझी नात यागोदा बरी आहे. थायरॉईडची गोळी रोज उपाशीपोटी घेते, शाळेत पुन्हा पळायला लागलीय. ती झोपल्यावर मी तिचा गळा चाचपते, हे तिला सांगू नकोस.

तू पाठवलेली आयोडीनची बाटली मी मोरीत ओतली. "चार थेंब देत नाहीस, कसली आई तू?" असं फोनवर म्हणालीस. यागोदाचं शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उठलंय. जादा आयोडीनने ते आणखी भडकू शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली त्या वर्षी बाबा नको म्हणत असताना तू मला रांगेत उभं करून किरणोत्सर्गावर उतारा म्हणून आयोडीन पाजलंस. पोरीसाठी कुणाचं ऐकलं नाहीस. मीही ऐकणार नाही.

गुडघा कसा आहे? खारवलेल्या काकड्या मात्र पाठव.

तुझ्यावरच गेलेली,
बोग्ना