पाचवी फेरी

नागभीड,
१८ जुलै

प्रिय पुनम,

तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. कामात होते असं काही नाही. तुझा आवाज ऐकला की मी खोटं बोलते, हे मला आता कळून चुकलंय. म्हणून हे पत्र सिंदेवाहीला तुझ्या मामांच्या पत्त्यावर पाठवतेय. मामी वाचायला मागतील, पण आधी तू एकटी वाच.

आधी बातमी. नागपूरच्या कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं. व्यायामशास्त्राच्या पदवीला, थेट दुसऱ्या वर्षात. बाहेरून येणाऱ्यांसाठी दोनच जागा होत्या. आपल्या क्रीडाशिक्षक अंकुश सरांनी सगळा रस्ता मला कागदावर आखून दिला होता. माझ्या बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचे बायोलॉजी-केमिस्ट्रीचे क्रेडिट तिकडे धरतात, फिजिक्सचे नाही. त्याऐवजी शरीररचनेचा पेपर जादा द्यायचा. सोमवारपर्यंत इथून टीसी काढून तिकडे हजर व्हायचंय, आणि एकदा टीसी काढली की इथली जागा गेली. अब्बा तर गाद्या भरता भरता दुकानात येईल त्याला सांगतात, "बेटी नागपूर जा रही है, दौड़ने की डॉक्टरी पढ़ने." गिऱ्हाइकालाही काही कळत नाही, अब्बांनाही नाही, पण दोघं खूश होतात.

मी मात्र खूश नाही. रस्त्यानं कोणी धावताना दिसलं की माझे पाय जागच्या जागी थांबतात. परवा स्टेशनजवळ एक पोरगा गाडी पकडायला पळत होता, मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ कोरडे पडलेत का, पाय वाकडा पडतोय का. तो गाडीत चढला, गाडी सुटली, तरी मी तिथंच उभी होते. आणि मी निघालेय माणसांनी धावायचं कसं ते शिकायला.

तुला त्या सकाळचं काहीच आठवत नाही. डॉक्टर म्हणाले होते, उष्माघातात असं होतं, त्या दिवसाचं पुसलं जातं. तुला जे माहीत आहे ते माझ्या तोंडून ऐकलेलं. आता नीट सांगते.

आपण पहाटे साडेपाचला धावायचो ते तुला आठवत असेल. मग नहराच्या रस्त्यावर वाघीण दिसली आणि वनरक्षक घरोघर सांगून गेला की ऊन वर आल्याशिवाय कोणी बाहेर पडू नका. तुझ्या पोलीस भरतीला वीस दिवस राहिले होते. आपण वेळ बदलली, साडेआठ केली. त्या दिवशी तुझ्या घरून निघायला नऊ वाजले. एप्रिलचा शेवटचा आठवडा, शाळेच्या मैदानात सावलीचं एक झाड नाही. आठशे मीटरच्या पाच फेऱ्या ठरल्या होत्या, मी मोबाइलवर वेळ लावत होते. तुला दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत यायचं होतं. चौथ्या फेरीत तू दोन त्रेपन्न आणलेस. इतक्या जवळ तू कधीच आली नव्हतीस.

मग तू पडलीस. गोलपोस्टच्या वळणावर, पाचव्या फेरीत. मी पळत आले तर तुझं अंग इतकं तापलं होतं की मी हात मागे घेतला. तू तुमच्या धानाच्या बांधीचं बडबडत होतीस, "बांधीत पाणी सोडलं का, बांधीत पाणी सोडलं का." शाळेच्या भिंतीपलीकडे बांधकामावरची माणसं होती, ती जमली. तू हाफ पँटमध्ये होतीस. मला लाज वाटली, पुनम. मी माझी ओढणी तुझ्यावर पांघरली, वरून त्या माणसांपैकी कोणाची तरी चादर घेतली. तशी तुला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं पहिलं काय केलं असेल तर ते सगळं ओढून फेकलं, अंगावर पाणी ओतलं, काखेत बर्फ ठेवला. मला म्हणाली, "जागेवरच पाणी काऊन नाई ओतलं वो? इतकं गुंडाळून काऊन आणलं?" मैदानापासून वीस पावलांवर हातपंप होता. पण पाणी ओतायचं असतं हे मला माहीत नव्हतं. सगळे म्हणतात तुला काय माहीत असणार, आणि ते खरंही आहे, पण त्यापायी तुझी किडनी सुजली, नागपूरला चार वेळा डायलिसिस झालं आणि भरती गेली. शिकायला गेले तर केव्हातरी वर्गात कोणी सांगेल की कितव्या मिनिटापर्यंत पाणी ओतलं असतं तर काहीच झालं नसतं. त्या दिवसाची मला आत्तापासून धास्ती आहे.

दवाखान्याच्या ओसरीत गुणामावशी आल्या. शेतातून तशाच, पायाला माती. त्यांनी विचारलं, "इतक्या उन्हात कोनं पळवलं माह्या पोरीले?" आणि मी म्हणाले, "मी थांब म्हणत होती मावशी, तिनंच आयकलं नाई. म्हणे, आणखी एक मारते." माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. मावशींनी कपाळावर हात मारला आणि मलाच जवळ घेतलं. त्यानंतर ते वाक्य मी तुझ्या बापूजींना सांगितलं, सरांना सांगितलं, तू शुद्धीवर आल्यावर तुला सांगितलं. कॉलेजच्या अर्जाला एक पान जोडायचं होतं, या विषयाकडे का वळता म्हणून. सर म्हणाले, जे घडलं ते लिही. मी लिहिलं की माझी मैत्रीण हट्टी होती, तिनं माझं ऐकलं नाही, म्हणून मला शिकायचंय. पान छान झालं होतं. मुलाखतीत मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं. त्याच पानावर मला ही जागा मिळाली.

तरीही मी गेले असते. हेही तुला सांगितलं पाहिजे. कपडे बॅगेत भरून झाले होते. पण काल गुणामावशी आल्या, माझ्यासाठी उन्हाळी धानाचा नवा तांदूळ घेऊन. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू मनाले लावून नको घेऊ बाई. माहीच पोरगी हट्टी." आणि मग सांगितलं की तू पुढच्या भरतीचा अर्ज भरत नाहीस. डॉक्टरांनी तर पुढच्या वर्षी हळूहळू धावायला हरकत नाही म्हटलंय. तू मामांना म्हणालीस म्हणे, "मले माह्याच अंगाचं समजत नाई. मले थांबता येत नाई. पुन्हा मैदानात गेली त मरून जाईन." मावशी ते सांगताना रडत होत्या आणि मी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते.

पुनम, चौथ्या फेरीनंतर तू थांबली होतीस. मातीत बसलीस, डोकं गुडघ्यात घातलंस आणि म्हणालीस, "तहसीन, बस वो आता. मले गरगरून राह्यलं." मी मोबाइल बघत होते. तीन सेकंद राहिले होते. मी म्हणाले, "तीन सेकंदांसाठी बसून राह्यली त जिंदगीभर आईसारखी बांधीत धानाचे रोवणेच करशील." तू माझ्याकडे पाहिलंस आणि उठलीस. तू हट्ट केला नव्हतास. तुझ्या अंगानं तुला वेळेवर सांगितलं होतं, आणि तू त्याचं ऐकलंही होतंस. ऐकलं नाही ते मी. आज सकाळी मी अर्जाचं ते पान पुन्हा लिहिलं, हे सगळं जसंच्या तसं, आणि कॉलेजला पाठवून दिलं. त्यांनी नाव काढलं तर काढू देत. संध्याकाळी तुझ्या घरी जाऊन मावशींना सांगणार आहे. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव, मी फोन करणार नाही. पण भरतीचा अर्ज माझ्या खोट्यापायी सोडू नकोस. कधी थांबायचं ते तुला कळतं.

तू म्हणशील तोवर तुझीच,
तहसीन