जाळ्यापुढची थोरली

२ जून

चि. ठकू हिस,
अ. आ. (धाकटेपणाचा तुला राग आहे हे माहीत आहे, तरी घे.)

फोनवर आपण दोघी "बरं आहे, बरं आहे" म्हणतो आणि ठेवून देतो, म्हणून ही बातमी पत्रानेच कळवते. आमचा क्लब वरच्या लीगमध्ये तर गेलाच होता, आता व्यावसायिकही झाला. म्हणजे यंदापासून फुटबॉल हीच आमची नोकरी. लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात टॉवेलांचे दोन गठ्ठे ठेवून कामावरच्या पोरी मला त्यांच्यामध्ये गोलकीपर म्हणून उभी करायच्या, तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. त्या पहिल्या टोळीतल्या आता तिघीच उरलोय. मी, आमची कर्णधार आणि डावीकडून धावणारी ती, जिला सगळ्या वादळ म्हणतात. वादळाला हल्ली गुडघ्याला पट्टी बांधल्याशिवाय जिना चढता येत नाही.

करारावर सही करून तशीच लॉन्ड्रीत गेले आणि नोकरी सोडल्याचं सांगितलं. मुकादमबाईंनी तोंड गोड केलं आणि त्याच हाताने मला पुन्हा चादरींच्या प्रेसवर उभं केलं, दिवस पुरा कर म्हणून. आनंद झालाय का? झालाच असणार. पण खरं सांगते, सही केल्यावर मनात आलं ते एवढंच, की आता कुठेतरी आडवं व्हावं. पहाटे सराव, दिवसभर वाफ, संध्याकाळी परत सराव. इतक्या वर्षांचा शीण एका सहीने कसा उतरेल?

आता मुद्द्याचं. या उन्हाळ्यात येऊन आईकडे मी बघते, तू मोकळी हो, असं कबूल केलं होतं. पण सराव शिबिर लगेच सुरू होतंय. एवढं एक वर्ष काढ, ठकू. छत्तिशीच्या गोलकीपरला दुसरं वर्ष कोण देतंय?

आईला नमस्कार सांग. माझ्यावर रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई

*

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा आशीर्वाद पोचला. घरात जागा नसल्यामुळे कपाटावर ठेवला आहे.

बातमी वाचून दुकानात सगळ्यांना सांगितलं. चष्मा न्यायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, की बायकांच्या फुटबॉलला पगार मिळतो का. मी म्हटलं, आता मिळतो, फ्रेम नीट बसली का सांगा.

आईचे पाय आणखी जड झालेत. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीत नेताना माझी कंबर बोलायला लागते. डोकंही मधूनच वाट चुकतं. जन्मभर टेलिफोन एक्सचेंजात बसून जगाच्या लायनी जोडून दिल्या, आता तिचीच लाईन बोलता बोलता तुटते. मग मी मावशी होते, शेजारीण होते. एकदा तिची साहेबीण झाले. तेव्हा मात्र तिने निमूट औषध घेतलं.

आणखी एक. आमचे दुकानातले डॉक्टर मला नजर तपासायचं शिकायला पाठवायचं म्हणतायत. वर्षभर परगावी वसतिगृहात राहायचं. परत आले की तपासणीची खोली माझी. त्यांना ऑगस्टमध्ये कळवायचं आहे. तू येणार म्हणून मी मनातल्या मनात हो म्हणूनही टाकलं होतं. आता काय करू, ते तूच लिही.

हात सांभाळ. आमच्यासाठीही थोडी उरव स्वतःला.

तुझी,
ठकू

*

१२ सप्टेंबर

चि. ठकू हिस,
अ. आ.

पत्राला फार उशीर झाला. बसमध्ये लिहिते आहे, अक्षर लावून घे. आमचं आता असंच चाललंय, सामना, बस, बर्फाची पिशवी, पुन्हा बस.

क्लबची मात्र चढती आहे. पूर्वी कुंपणाशी नातेवाईक आणि दोन-चार कुत्री असायची, आता तिकिटासाठी रांग लागते. टीव्हीवाले येतात. एक लहान मुलगी माझ्या नंबरचा शर्ट घालून आली होती. तिने सही मागितली, तर माझं पेन चालेना.

आणि आता एक नवी गोलकीपर आली आहे. एकोणीस वर्षांची, हात दारासारखे लांब. प्रशिक्षकबाईंनी मला बाजूला बोलावून गोड आवाजात सांगितलं, की आता क्लब मोठा झाला, पुढचं बघावं लागतं. गेल्या सामन्यात मी बाकावर होते. पोरगी चांगली आहे गं, तोच तर त्रास आहे. वाईट असती तर मन भरून शिव्या दिल्या असत्या. तिने एक चेंडू असा उडी मारून काढला, की माझेच हात टाळ्या वाजवून मोकळे झाले.

खूप दमले आहे. खेळून यायचा तसा हा थकवा नाही. बसून आलाय.

आईला माझे पापे दे. तुझं प्रेम या पत्त्यावर येत राहू दे, पत्ता अजून बदललेला नाही.

ताई

*

२५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

वि. वि. आज नाही. विनंती करायची ताकद नाही.

मंगळवारी आई न्हाणीच्या दारात घसरली. हाड मोडलं नाही. पण मला ती उचलता येईना. मी तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसून राहिले, आणि ती मला धीर देत होती, की कुणीतरी येईल हं. शेवटी समोरचे सुतारकाका आले.

रविवारी तुझा सामना तिला टीव्हीवर दाखवला. तू कुठेच नव्हतीस. ती सारखी विचारत होती, की हातमोजेवाली आपली आहे ना? मी हो म्हटलं. भांडायचा कंटाळा आला.

तू खेळतेस म्हणून मी रागावलेले नाही, ताई. मी जूनमध्ये तुला एक प्रश्न विचारला होता. तुझ्या पत्रात कुत्री होती, न चालणारं पेन होतं, त्या पोरीचे हात होते. माझा प्रश्न नव्हता. ऑगस्ट गेला. मी डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, बघा बुवा. मी चष्मे पुसत बसले.

बाकी सर्व क्षेम. म्हणजे नाही, पण असंच लिहायचं असतं.

ठकू

*

१० ऑक्टोबर

ठकू,

आज आशीर्वाद नको. तुझं पत्र ड्रेसिंग रूममध्ये वाचलं आणि बूट न काढता प्रशिक्षकबाईंच्या खोलीत गेले.

त्यांना म्हटलं, आईला इकडे आणते आहे. इथल्या मैदानावर म्हणाल तेव्हा उभी राहीन, पण परगावच्या सामन्यांना येणार नाही.  त्या म्हणाल्या, की मग तुम्ही तिसऱ्या नंबरच्या गोलकीपर व्हाल, आणि पुढच्या मोसमात करार होणार नाही. पूर्वी हा क्लब आपापलं घर सांभाळून चालायचा, आता तसा चालत नाही. त्यांचंही चुकलं नाही. असा क्लब व्हावा म्हणूनच तर आम्ही धडपडलो. मी बरं म्हटलं. मोठेपणा समजू नकोस, बाहेर येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

मग तुझ्या दुकानात फोन केला. हो, तुला न विचारता. डॉक्टर म्हणतात, तुझं नाव त्यांनी खोडलेलंच नाही. दुसरी तुकडी जानेवारीत सुरू होते.

मैदानामागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. न्हाणीला उंबरा नाही, मी स्वतः चालून बघितलं. वादळ आणि कर्णधार येऊन भिंतीला धरायच्या दांड्या ठोकून गेल्या. एक तिरकी बसली आहे. दोघी एकमेकींकडे बोट दाखवतात.

तुझा राग ओसरायची घाई नाही. तो असेपर्यंत त्याच्या शेजारी मला थोडी जागा दे.

ताई

*

२१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग बराचसा गेला. उरलेला भेटीत काढीन.

वसतिगृहातली खोली एवढीशी आहे, खिडकीतून सायकलींचा स्टँड दिसतो. पहिल्या रविवारी सवयीने आईच्या वेळेला जाग आली. उठले, बाह्या वर केल्या, आणि खोलीत उचलायला कुणीच नाही. वेड्यासारखी उभी राहिले. मग रडले, आणि रडता रडता जी झोपले ती थेट दुपारी उठले. जेवण संपलं होतं. स्वयंपाकघरातल्या बाईंनी विचारलं, की आजारी होतीस का. मी म्हटलं, हो, बरीच वर्षं.

इथे सगळ्या मुली माझ्याहून लहान, मला काकू म्हणतात. पण भिंगं मी डोळे मिटून ओळखते, त्यामुळे मान आहे.

आई माझी आठवण काढते का? काढत नसेल तर काढते असं लिही. चहा बशीतच दे, कपाने तिचा हात थरथरतो. आणि तूही पाठ वाकवून उचलू नकोस, गुडघ्यात वाक.

तिथे दोघी आहात, तर तुमच्या लोभातला माझा वाटा वेगळा काढून ठेवा.

तुझी,
ठकू

*

२० मे

चि. ठकू हिस,
अ. आ. आणि आईचेही, तिच्या स्वतःच्या तोंडचे.

आपण लीग जिंकली. पेपरात वाचलंच असशील. फोटोत मागच्या रांगेत कोपऱ्यात अर्धी दिसते ती मी.

माझा करार संपला. प्रशिक्षकबाईंनी नीट शब्दांत सांगितलं, हात हातात घेतला. मुलींच्या संघाच्या गोलकीपर तयार करशील का, असं कर्णधाराने विचारलंय. मी म्हटलं, आधी मला पोटभर झोपू दे, मग विचार.

पण सांगायचं ते वेगळंच आहे. शेवटचा सामना इथे होता आणि राखीवमध्येही माझं नाव नव्हतं, म्हणून मी आईला घेऊन प्रेक्षकांत बसायचं ठरवलं. चाकांची खुर्ची पायऱ्यांवरून चढेना. तेवढ्यात मैदानात उतरायला निघालेल्या चौघी मागे वळल्या आणि त्यांनी आईला खुर्चीसकट उचललं. वादळ ओरडली, की हळू, आमच्यातली सगळ्यात महागडी खेळाडू आहे. मी कठड्याला धरून उभी राहिले. तू त्या फरशीवर एकटी बसली होतीस, तेच डोळ्यांपुढे आलं.

सामना सुरू झाला. मला वाटलं होतं, आई झोपेल. ती झोपली नाही. पुढे वाकून बघत राहिली. त्या नव्या गोलकीपर पोरीने कोपऱ्यातला चेंडू काढला, तेव्हा आईने टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या गृहस्थांना सांगितलं, की ती जाळ्यापुढची माझी थोरली. लहानपणापासून तिची पकड घट्ट. ते गृहस्थ म्हणाले, की भाग्यवान आहात.

मी तिला लागूनच बसले होते, ठकू. तिच्या औषधाचा डबा माझ्या मांडीवर.

मग ती माझ्याकडे वळली आणि तिने अदबीने विचारलं, की बाई, तुमचं कुणी खेळतंय का ह्यांच्यात.  मी बोट दाखवून म्हटलं, तीच. माझीही तीच.

तिला ते अगदी पटलं. वारा सुटला होता. तिने स्वतःच्या गुडघ्यांवरची शाल ओढून निम्मी माझ्या पायांवर घातली आणि म्हणाली, आता दोघी मिळून बघू. शिट्टी वाजेपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो.

सहामाही परीक्षा झाली की ये. तुझ्या वाट्याचं सगळं राखून ठेवलंय.

तुझी,
ताई