आजीच्या पेटीचा वास

मॅटोल खोरं, १४ ऑगस्ट

प्रिय वेन्डल,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडताच चुलीत घालशील अशी मला शंका आहे, म्हणून पत्ता जुनिपरकडून लिहून घेतलाय. लेकीचं अक्षर तू जाळणार नाहीस. तुला इथून जाऊन तीन वर्षं झाली. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, कोंबड्या अंडी देतात आणि माणसं माझ्याशी खोटं बोलतात.

परसात गांजाची सहा रोपं उभी आहेत. कायद्याने एका घराला सहाच, आणि नशिबाने सहाच्या सहा माद्या निघाल्या. ही आपण दोघांनी भरलेल्या जुन्या बरणीतल्या शेवटच्या सहा बियांची, बरणी आता रिकामी आहे. यातली एक निवडून तिच्यावर बी धरायचं. चुकीची निवडली तर माझ्याकडचं ‘आजीची पेटी’ हे आपलं वाण संपलं. संत्र्याची साल, कापूर आणि गंजकं लोखंड. तुझ्या आजीच्या शिवणाच्या पत्र्याच्या पेटीचा तो वास झाडात उतरवायला आपल्याला चौदा वर्षं लागली, ते काही तुला सांगायला नको.

परवा पलीकडच्या टेकडीवरचा मर्ल आला होता. त्याला म्हटलं, खोड चोळ, बोटं हुंग आणि खरं सांग. पुरतं चोळलंही नव्हतं, तोवर म्हणाला, “वा डोरी, काय दणका आहे!” इतक्या पटकन? माझ्या मनात पाल चुकचुकली. मग मी दोन बरण्या पुढे केल्या, दोन्हींत तिसऱ्या रोपाचीच पानं. मर्लने प्रार्थनेला बसल्यासारखे डोळे मिटले आणि म्हणाला, “डावीत दम आहे, उजवी जरा मवाळ वाटते.” त्याला कॉफी न देताच वाटेला लावला.

त्याच बरण्या जुनिपरला दिल्या. ती म्हणाली, “आई, दोन्ही एकच आहेत. आणि दोन्हींना नुसता कापलेल्या गवताचा वास येतोय.” तिने मला बरण्या भरताना खिडकीतून पाहिलं असणार, असं मला वाटलं. नाहीतर तू पढवलं असशील. दर रविवारी ती तुझ्याशी फोनवर तासभर बोलते आणि मी खोलीत शिरले की दोघंही हवापाण्यावर येता. मी म्हातारी होत असेन, बहिरी झालेले नाही.

तुझा माझा तो शेवटचा उन्हाळा माझ्या डोक्यातून जात नाही. तू पाण्याच्या टाकीजवळचं उंच, किडकिडीत रोप निवडलं होतंस आणि मी कुंपणालगतचं भरदार. तू म्हणालास, “डोरी, हिला वासच नाही गं. तू नुसती बघतेयस, हुंगत नाहीयेस.” मला वाटलं, चांगलं रोप स्वतःला ठेवायचंय म्हणून माझ्या गळ्यात हे मारतोय. कापणीच्या जेवणाला सगळी टेकडी जमली होती, आणि त्या सगळ्यांसमोर, हातात घेवड्याचं भांडं धरून, मी तुला चोर म्हणाले. तू ताट खाली ठेवलंस आणि सकाळी युकाया गावाला निघून गेलास, त्या उंच रोपाचं मूठभर बी घेऊन. मी म्हटलं, बघा, मी सांगत नव्हते?

त्यानंतर दर वर्षी त्या जुन्या बरणीतलं बी पेरून मीच निवडत आले. लोक तोंडभर कौतुक करायचे आणि दुसऱ्यांदा मागायला फिरकायचे नाहीत. तेव्हाही मी म्हटलं, वेन्डलने कान भरले असतील.

मागच्या मंगळवारी फळीवरून तुझ्या आजीची पेटी काढली. ती तू मागेच ठेवून गेलास, कशासाठी ते मी कधी विचारलं नाही. म्हटलं, अस्सल वासाशी रोपं ताडून बघू. झाकण उघडून आत नाक घातलं तर काही नाही. मी जुनिपरवर तोंड सोडलं, पेटी साबणाने का धुतलीस म्हणून. ती आली, पेटीवर वाकली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, “आई, अख्खं स्वयंपाकघर भरलंय गं या वासाने.” मग तिने माझ्या नाकाखाली कॉफीचा डबा धरला, रॉकेलची चिंधी धरली, कांदा चिरून धरला. कांद्याने डोळे तेवढे झोंबले. बाकी काही नाही.

म्हणून लिहितेय. तू खोटं बोलत नव्हतास. नाक माझं गेलं होतं आणि मी चारचौघांत तुझं कापलं. मला लाज वाटते, वेन्डल. रोपं आत्ता कुठे फुलू लागलीत. त्या उंच रोपाच्या वंशातल्या नरांचा पराग तू बाटलीत जपून ठेवलायस, असं जुनिपर सांगते. तो घेऊन ये. सहाही खोडं तू चोळ, तू बोट दाखवशील त्या फांदीला मी खुणेचा दोरा बांधीन. दोन बरण्या तुझ्यासाठीही तयार आहेत, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पण या वेळी त्या जुनिपरने भरल्यात, आत काय आहे ते मलाही माहीत नाही. तू सांगशील ते मी खरं धरीन.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
डोरिंडा