जावयाची गिटार आणि नातीचा कान

आदरणीय व्याही अण्णा यांस,

घाटकोपरहून धाकूचा हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? बोरिवलीला लिफ्ट पुन्हा बंद पडली असं ऐकलं. जिने चढू नका. विहीणबाईंना सांगा, त्यांनी पाठवलेले डिंकाचे लाडू आमच्या दिशाच्या अंगी लागले. (थोडे माझ्याही लागले.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ते खरं नाही, आणि त्याला कारण तुम्ही आहात.

रागावू नका. म्हणजे रागवा, पण पत्र पुरं वाचून रागवा. रविवारी फोनवर तुम्ही मला म्हणालात, "तुमच्याकडे राहून आमच्या नातीचा कान बिघडला." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणून ठेवलातसुद्धा. (फोनवर तुमचं नेहमी असंच. आलाप तुम्ही घ्यायचा, आम्ही नुसती मान हलवायची.) म्हणून हे पत्र. पत्रात मधे कोणी बोलत नाही.

मुळापासून सांगतो. श्रेयस तुमचा मुलगा आणि आमचा जावई. गुणी आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. दिशा बाळंतपणाला आमच्याकडे आल्यापासून तो अंधेरीचं ऑफिस सुटलं की मेट्रोने इकडे येतो, हातपाय धुतो आणि गिटार घेऊन पाळण्याशी बसतो. त्याची बोटं फिरली की मधी झोपलीच. (मधुवंती हे नाव तुम्ही रागावरून ठेवलंत. सुंदर आहे. पण दुपट्यात गुंडाळलेल्या पोरीपेक्षा नावच लांब होतं, म्हणून आम्ही मधी म्हणतो. मनावर घेऊ नका.) तर ऑफिसने त्याला हैदराबादला पाठवलं. जाताना गिटार इथेच ठेवली आणि मला म्हणाला, "बाबा, तारांवरून नुसता हात फिरवलात तरी झोपेल ती."

तो गेला आणि मालनने गिटार पुसायला घेतली. आमच्या मंडळींना धूळ दिसली की हात थांबत नाही, हे तुम्ही बारशाच्या दिवशी पाहिलंच आहे. (तुमच्या हार्मोनियमवरून ओलं फडकं फिरवलं होतं, त्याबद्दल पुन्हा एकदा माफी.) वरच्या खुंट्यांच्या खाली मळ होता म्हणे. तो काढायला तिने सगळ्या खुंट्या गरागरा फिरवल्या. तारा अशा लोंबायला लागल्या की त्यांच्यावर लंगोट वाळत घालावेत. मी दुपारी मधीला झोपवायला हात फिरवला, तर कोणीतरी पत्र्याच्या डब्यातून कण्हतंय असा आवाज आला आणि मधीने टाहो फोडला. दिशाचे डोळे झोपेविना सुजलेले. आता जावयाला कुठल्या तोंडाने कळवणार, की तुमच्या सासूबाईंनी तुमची गिटार घासून ठेवली आहे? म्हणून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही जन्मभर गाणं शिकलात, घरात तंबोरा आहे, माणूस जाणत्यालाच विचारणार ना?

आणि जाणत्याने काय सांगितलं? "अहो धाकू, पाच मिनिटांचं काम आहे. पहिली तार सगळ्यात उंच, ती आधी घट्ट पिळून घ्या." अण्णा, आता प्रामाणिकपणे सांगा, पहिली तार कुठली? गिटार मांडीवर घेतली की डोळ्यांसमोर सगळ्यात वर येते ती जाडी. माझी उभी नोकरी वीज कंपनीत तारांवर गेली. तिथे वरची तार ती पहिली, आणि यावर साहेबापासून हाताखालच्या खलाशापर्यंत कोणाचं दुमत नव्हतं. गिटारवाल्यांची तऱ्हा उलटी. ते खालून मोजतात. सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक, ती त्यांची पहिली. हे मला कोणी सांगायचं? मी बिचारा जाडीला पिळतोय, ती कुरकुरतेय, मी आणखी पिळतोय. मालन आतून ओरडली, "त्या तारेचो जीव घेतल्याशिवाय गप बसूचे नाय तुमी?" तेवढ्यात ती ताडकन तुटली आणि माझ्या हनुवटीवर बसली. दाढी करताना अजून झोंबतं. तुम्हाला परत फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "जाडी पिळलीत? कमाल आहे!" कमाल कोणाची, अण्णा?

मग मी खालच्या मजल्यावरच्या नितेशला बोलावलं. हा गणपतीत बेंजो वाजवतो, बाकीचं वर्षभर ऑफिसच्या एसीत त्याबद्दल बोलतो. येताना जाडी तार घेऊन आला, ती बसवली आणि खिशातून मोबाईल काढला. "काका, टेन्शन घेऊ नका. ॲप आहे ना. तार छेडायची, काटा हिरवा झाला की झालं." तारांना नावं पण असतात: ई, ए, डी, जी, बी आणि परत ई. (दोघींचं नाव एकच. एवढी इंग्रजी बाराखडी पडलेली असताना!) मी तार छेडली, काटा लाल. पिळली, काटा लाल. इतक्यात मालनच्या कुकरची शिटी झाली आणि काटा हिरवागार! "झकास काका, लागली!" नितेश म्हणाला. मी म्हटलं, "अरे, कुकर लागला, तार नाही." मग गॅस बंद केला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आम्ही दोघं घामाने निथळायला लागलो, तरी खालून भंगारवाला ओरडला की काटा त्याच्याकडे धावायचा. भंगारवाला सुरात होता, आमची गिटार नव्हती.

शेवटी नितेश म्हणाला, ॲप जाऊ दे, कानानेच लावू. जाड्या तारेला दांडीवरच्या पट्ट्यांमधल्या पाचव्या घरात दाबायचं. जो आवाज येईल, तोच तिच्या खालच्या मोकळ्या तारेचा आला पाहिजे. मग ती दाबून तिच्या खालची. पटलं मला. सरळ हिशोब. मी मन लावून खाली खाली येतोय, तर वरून चौथ्या तारेवर हा म्हणतो, "काका, इथे पाचवं नाय हां, चौथं घर." मी विचारलं, का? "तसंच असतं." अरे, तसंच म्हणजे काय? बाकी सगळ्यांना पाचवं घर आणि हिलाच चौथं, हिचा कोण मामा बसलाय वर? या देशात सरळ नियम म्हणून कुठे करायचाच नाही का? मी त्या रागात तार छेडत राहिलो. टंग... टंग... खुंटी जरा घट्ट, जरा सैल, परत टंग. ऊन उतरेपर्यंत आम्ही त्याच उद्योगात होतो.

अखेर सहाच्या सहा तारा लागल्या. नितेश खूश झाला, त्याने गिटार ओढून घेतली आणि बाप्पाच्या आगमनाची चाल अशी काही वाजवली की समोरच्या खिडकीतून टाळ्या आल्या. आणि आतून मधीची किंकाळी. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की इतका वेळ पोरगी झोपलेली होती! दिशा केस विस्कटलेली बाहेर आली. "नितेश, हात काढ त्या गिटारवरून. बाबा, तुम्ही मघाचं करा."

"मघाचं म्हणजे?"

"ते टंग टंग. किती दिवसांनी डोळा लागला होता माझा!"

मी लावलेली तार उतरवली आणि परत चढवायला लागलो. टंग... टंग... मधी हुंदके देत देत थांबली, मूठ तोंडात घातली आणि झोपली. दिशा तिथेच भिंतीला टेकून झोपली. मी हललो नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या, चहा निवला, मालनने मुकाट्याने उशी आणून लेकीच्या मानेखाली सरकवली, आणि मी नुसता ती एक खुंटी फिरवत बसलो.

पुढचं तुम्हाला श्रेयसने सांगितलंच आहे. तो परत आला, कौतुकाने वाजवायला बसला, मधी रडली. त्याने आणखी गोड वाजवलं, ती आणखी रडली. दिशा म्हणाली, "श्रेयस, जरा बाबांकडे दे ना." त्याचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं. (फार नाही.) त्यावर तुमचा तो फोन.

कान बिघडला? अण्णा, मागे तुम्ही मला हट्टाने पार्ल्याला गाण्याला नेलं होतंत. बुवा गायला बसण्याआधी कितीतरी वेळ तंबोरेच लावत होते आणि तुम्ही डोळे मिटून "वा, वा" म्हणत होतात. मी विचारलं, सुरू कधी होणार? तर माझ्याकडे असं पाहिलंत, की मी अजून विसरलो नाही. मग जे ऐकून तुम्ही वा म्हणता, ते ऐकून तुमची नात झोपली तर तिचा कान बिघडला, आणि तो आमच्यामुळे? उलट असा कान तुमच्या घरात दुसऱ्या कोणाला आहे का, ते शांतपणे विचार करून कळवा.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर गिळून टाका. विहीणबाईंना आम्हा दोघांचा नमस्कार. मधीचा एक पापा तुमच्या नावाने घेतला आहे.

तुमचा, अजून रागावलेला,
धाकू

ता. क. लाडवांचा डबा श्रेयसबरोबर परत पाठवतो आहे. रिकामा डबा पाठवू नये म्हणून मालनने आत कोकमं भरली आहेत. भांडणाचा आणि कोकमांचा काही संबंध नाही, असं तिने लिहायला सांगितलं आहे.

ता. ता. क. मालनने पत्र वाचलं आणि म्हणाली, "भांडतास कित्याक? सरळ इचारा." म्हणून सरळ विचारतो. पुढच्या महिन्यात तुम्ही मायलेकींना न्यायला येणार, ते ठरलेलंच आहे. आणखी एक महिना राहू द्याल का? माझ्या टंग टंगशिवाय मधी झोपत नाही, हे कारण मी वर दिलंच आहे. पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. परवापासून ती कशानेही झोपते. काल तर मालन भांडी घासत होती, तरी झोपली. मी गिटार घेऊन येईपर्यंत झोपलेली असते. मी तरीही पाळण्याशी बसतो आणि तार लावतो. हळू लावतो, उठू नये म्हणून.